बाप्याच्या चेहऱ्याची टोपली

मित्रांनो, माझ्या तोंडाकडे बघून दचकू नका. मी एक जुनी टोपली आहे, मधमाश्या पाळायची. अंग गवताच्या काडांचं, वरून शेणाचा लेप आणि पुढच्या बाजूला लाकडात कोरलेला बाप्याचा चेहरा. डोळे वटारलेले, मिश्या जाड, तोंड आ वासलेलं. त्या तोंडातूनच माझ्या माश्या आत-बाहेर करायच्या.

सध्या मी जर्मनीत, लूनेबुर्गच्या माळावरच्या एका लहानशा संग्रहालयात भिंतीवर टांगलेली आहे. माझ्याखाली एक पाटी आहे. 'शेतकरी लूडर यांनी तयार केलेली टोपली. चोरांना आणि वाईट नजरेला दूर ठेवणारा मुखवटा.' लोक पाटी वाचतात, मान डोलावतात आणि पुढच्या खोलीत जातात. पाटीवर लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं त्यांना वाटतं.

मला तसं वाटत नाही. संशय हा माझा धंदाच होता. माझ्या दाराशी पहारेकरी माश्या बसायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला हुंगून मगच आत सोडायच्या. आपली असली तरी हुंगायच्या. मीसुद्धा तशीच झाले. म्हणून सांगते, ही पाटी निम्मी खोटी आहे.

माझा जन्म एका हिवाळ्यात लूडरच्या शेतघरात झाला. लूडरची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, त्याला काड पिळणं जमत नव्हतं. मला विणलं ते त्याच्या मुलीने, गेशेने. गाईच्या शिंगाचं टोक कापून त्यातून ती काड ओवायची, म्हणजे पेड सगळीकडे सारखा जाड राहतो. मग काटेरी वेलीच्या चिरलेल्या सालीने टाका घालायची. बोटांतून रक्त आलं की ॲप्रनला पुसायची आणि पुढचा टाका घालायची. शेण आणि राख कालवून तिनेच मला लिंपलं. लूडरने शेवटी फक्त चेहरा कोरला, आपल्या वडिलांसारखा. तो मात्र खरंच छान कोरला.

शेजारचे टोन्येसबाबा मला बघायला आले. माळावर मधमाश्यांतलं त्यांच्याएवढं कळणारं कुणी नव्हतं. त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा लूडर, काय टोपली विणलीस रे!"

लूडर दाढी खाजवत म्हणाला, "जमलीय खरी."

गेशे त्यांच्या पेल्यांत कॉफी ओतत होती. तिने दोघांकडे एकदा पाहिलं आणि किटली चुलीवर ठेवली. मला पहिला संशय आला तो त्या दिवशी.

लूडर वाईट माणूस नव्हता हं. मुलीवर त्याचा जीव होता. बायको लवकर गेली, मुलगा झाला नाही. "माझी गेशे म्हणजे दोन मुलगे आहेत," असं तो सगळ्यांना सांगायचा. फक्त काही गोष्टी त्याच्या डोक्यात शिरतच नसत. टोपलीतल्या राणी माशीला तो माळावरच्या जुन्या म्हाताऱ्यांसारखा 'राजा' म्हणायचा.

"इतक्या जणींवर जिचा हुकूम चालतो, ती काय बाई असेल होय?" असं त्याचं म्हणणं.

"बाबा, तुमचा राजा दिवसभर अंडी घालतो," गेशे म्हणायची.

"घालू दे. राजाच आहे तो," असं म्हणून लूडर पाइप पेटवायचा.

माझी ती वर्षं सुखाची गेली. ऑगस्टात माळ जांभळ्या फुलांनी भरला की आम्हा सगळ्या टोपल्यांना गाडीवर चढवून माळावर नेत. माझ्या मधाचं कौतुक व्हायचं. लहान मुलं माझ्या तोंडाला घाबरायची, ते मला आवडायचं.

मग बर्लिनमध्ये नवी राजवट आली आणि तिने शेतजमिनीचा नवा कायदा केला. जमीन म्हणजे रक्त, आणि रक्त बापाकडून मुलाकडेच जातं, असा काहीतरी त्यांचा हिशेब होता. मुलगा नसेल तर जमीन मेलेल्याच्या बापाकडे, मग भावाकडे, मग पुतण्याकडे. मुलगी त्यानंतर. टोन्येसबाबा लूडरला सांगून थकले की न्यायालयात अर्ज कर, तुझ्या हयातीत गेशेचं नाव लागलं तर लागेल.

"माळ फुलून जाऊ दे, मग बघू," लूडर म्हणायचा.

त्या वर्षी माळ फुलायच्या आतच लूडर गेला.

त्याचा धाकटा भाऊ हार्म शहरात कोळशाचं आणि पेंडीचं दुकान चालवायचा. तो बायकामुलांसकट आला, आणि दफन होऊन लोक लोण्याचा केक खायला बसायच्या आधीच घराची मोठी किल्ली त्याच्या खिशात गेली होती. आता माळावर एक रीत आहे. घरचा धनी मेला की नव्या धन्याने ती किल्ली घेऊन माश्यांकडे जायचं, प्रत्येक टोपलीवर टकटक करायचं आणि सांगायचं की जुना धनी गेला, आता मी. न सांगितलेल्या माश्या त्या घरात थारत नाहीत असं म्हणतात.

टोन्येसबाबा हार्मला हाताला धरून आमच्यापाशी घेऊन आले. गेशेही मागोमाग आली.

"चल, सांगून टाक," टोन्येसबाबा म्हणाले.

हार्म हसायला लागला. "म्हणजे आता मी किड्यांची परवानगी मागू? कागद माझ्या नावाचा आहे."

"माश्यांना कागद वाचता येत नाही, हार्म."

"मग गेशे सांगेल. ए गेशे, जा, तुझ्या मैत्रिणींशी जरा बोलून घे."

गेशेने ॲप्रनवर हातांची घडी घातली. "मला कसं चालेल काका? धन्यानेच सांगायचं असतं. आणि मी धनी नाही, हे तुम्हीच तर सकाळी समजावून सांगितलंत. आधी मुलगा, मग बाप, मग भाऊ, मग पुतणे. माझा नंबर लागेपर्यंत माश्या म्हाताऱ्या होतील."

"जीभ फार चालते तुझी," हार्म म्हणाला. त्याने किल्ली खिशात परत टाकली आणि तो केक खायला आत निघून गेला.

टोन्येसबाबांनी गेशेकडे बघून भुवया उंचावल्या. तिने ठरवलं असतं तर आम्हाला सांगू शकली असती, रीत थोडी वाकवून. तिने नाही सांगितलं. ते दुःखाने की रागाने, की मनात काही ठेवून, याचा मला आजही उलगडा झालेला नाही.

पानगळीच्या दिवसांत मध काढायची वेळ आली. माळावर काही टोपल्यांतल्या माश्या त्यासाठी मारतात, हे मला ठाऊक होतं. लूडर सगळ्यात भरलेल्या आणि सगळ्यात अशक्त अशा टोपल्या निवडायचा, बाकीच्या हिवाळ्यासाठी राखायचा. हार्मने दिसेल ती जड टोपली उचलली. मलाही उचललं. जमिनीत खड्डा करून त्यात गंधक पेटवलं आणि मला वर ठेवलं. आत एकच गदारोळ झाला. मग तो कमी होत गेला आणि थांबला. मित्रांनो, माझ्या पोटातल्या त्या शांततेइतकं वाईट मी पुढे काहीच ऐकलं नाही.

मेलेल्या माश्या गेशेने ॲप्रनमध्ये भरून घेतल्या आणि सफरचंदाच्या झाडाखाली पुरल्या. हार्मने मला कोपऱ्यात, तुटक्या फावड्यांच्या ढिगावर फेकलं.

त्याच संध्याकाळी त्याने गेशेला समोर बसवलं. लूडरच्या खुर्चीत आता तो बसायचा.

"हे बघ पोरी, मी काही कसाई नाही," तो म्हणाला. "इथे राहायचं तर राहा. स्वयंपाकघर बघ, गाई बघ, जेवणखाण मिळेल. नाहीतर तो गिरणीवाला विधुर आहे, त्याच्याशी लग्न कर. माणूस सज्जन आहे. मी शब्द टाकलाय."

"आणि तिसरं?"

"तिसरं काय? बाईमाणसाला तिसरं काही नसतं."

"मग मी तिसरंच करते," गेशे म्हणाली. टोन्येसबाबांची मेंढपाळाची एक झोपडी हार्मच्या कुंपणापलीकडे रिकामी पडून होती. ती त्यांनी तिला राहायला दिली. निघताना तिने बापाची आठवण म्हणून एक वस्तू मागितली.

हार्म सावध झाला. घरात आईचा कोरीव पेटारा होता, तागाच्या चादरी होत्या. "कुठली वस्तू?" त्याने विचारलं.

गेशेने ढिगावरून मला उचललं. हार्मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. "ने, ने! बापाने घडवलेलं तोंड, हाच तुझा वारसा!"

मी मनात म्हटलं, ही पोरगी काहीतरी घाट घालतेय. पेटारा सोडून रिकामी टोपली कोण नेतं?

हिवाळा कठीण गेला. गेशे लोकांचे कपडे धुवायची, लोकर कातायची. एकटी बाई राहते म्हटल्यावर गावातले काही बाप्ये रस्ता चुकल्यासारखं करून दारात यायला लागले. गेशेने काय करावं? माझ्या डोक्यावर टोन्येसबाबांची जुनी टोपी चढवली आणि मला खिडकीत बसवलं. लांबून बघणाऱ्याला वाटे, कुणी मिशीवाला वटारून बघतोय. रस्ता चुकणं थांबलं. मला अभिमान वाटला आणि थोडी शरमही वाटली.

मे महिना सरला तशी ती मला रोज आतून सुगंधी पाल्याने चोळायला लागली. त्या वासाला माश्या भुलतात. विणकाम घेऊन ती पायरीवर बसायची आणि तिची नजर हार्मच्या कुंपणावर असायची. आता माझा संशय पक्का झाला. ही चोरी करणार.

उन्हाळा सुरू झाला की भरलेल्या टोपलीतली जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन उठते आणि नवं घर शोधायला निघते. तो थवा पकडण्यावरच माळावरच्या लोकांचं पोट असतं. म्हणून त्या दिवसांत कुणीतरी सकाळपासून टोपल्यांसमोर बसून राखण करतं. लूडरच्या वेळी गेशे बसायची. हार्म म्हणाला होता, "नुसतं बसायला माणूस पोसू काय?"

आणि थव्याचा कायदा सगळ्या माळाला पाठ होता, तो नव्या राजवटीच्याही आधीचा होता. मालक मागे धावतोय तोवर थवा मालकाचा. तो कुणाच्याही कुंपणात शिरू शकतो. पण मालकाने पाठलाग सोडला की थवा कुणाचाच नाही. मग जो पकडेल त्याचा.

जूनमध्ये गावात नेमबाजीचा उत्सव भरला. त्यात जो जिंकतो तो वर्षभर गावाचा राजा. सगळे पुरुष हिरव्या कोटात, तंबूवर नव्या राजवटीचे झेंडे, आणि बायका कडेकडेने पेले उचलणार. त्या वर्षी राजा झाला हार्म. त्याच्या गळ्यात चांदीच्या पदकांची एवढी मोठी साखळी घातली की त्याला मान वळवता येईना.

त्याच दुपारी हार्मच्या कुंपणाकडून घोंघावणं ऐकू आलं. थवा उठला होता. काळा ढग कुंपण ओलांडून आला आणि रस्त्याकडेच्या बर्चच्या फांदीला लोंबकळला, झोपडीपासून हाकेच्या अंतरावर. हार्मच्या घरात चिटपाखरू नव्हतं. सगळे तंबूत.

गेशे उठली. तिने मला काखेत मारलं. आता ही फांदी हलवणार, मी म्हटलं. पण ती झाडाकडे वळलीच नाही. ती गावाकडे पळत सुटली! मला काही कळेना. थवा फांदीवर किती वेळ बसेल याचा नेम नसतो. मर्जी फिरली तर उठून जंगलात जातो आणि परत दिसत नाही. तिचं अख्खं वर्ष त्या फांदीला टांगलेलं होतं, आणि ही बया तंबूकडे धावत होती.

तंबूत ती तशीच शिरली, घामाघूम, काखेत मी. मला बघून लोक खिदळायला लागले.

"काका, तुमचा थवा उठलाय," ती मोठ्याने म्हणाली. "रस्त्याकडेच्या बर्चवर बसलाय. पकडायचा तर आत्ता चला."

हार्मच्या हातात बिअरचा पेला होता. तो भोवतालच्या मंडळींकडे बघून म्हणाला, "ऐकलंत? गावचा राजा माश्यांच्या मागे धावणार म्हणे!"

हशा पिकला. टोन्येसबाबा कोपऱ्यातून उठले. "हार्म, नीट सांग. मागे जाणार आहेस की नाही?"

"अरे, गेला तर गेला! माझ्याकडे टोपल्यांची रांग आहे. उठतील तेवढे उठू दे, या उत्सवात मी खुर्चीवरून हलणार नाही!"

"सगळ्यांनी ऐकलं," टोन्येसबाबा म्हणाले, आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मागे कुणीतरी हसायचं थांबलं. त्याला बहुधा कायदा आठवला असावा.

परतीच्या वाटेवर गेशे एवढी धावली की माझ्या कडेचा एक टाका उसवला. थवा असेल का? तिच्या छातीची धडधड मला माझ्या काडांतून ऐकू येत होती.

थवा होता. तिने मला फांदीखाली उलटं, उघडा तळ वर करून धरलं आणि फांदीला एक हिसका दिला. मित्रांनो, पुन्हा भरून जाणं म्हणजे काय असतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. वजन आलं, ऊब आली, आवाज आला.

उत्सव संपेपर्यंत हार्मच्या रांगेतून आणखी थवे उठले. कुणी राखणीला नव्हतं, कुणी मागे धावलं नाही. टोन्येसबाबांनी रिकाम्या टोपल्या आणून दिल्या. नशा उतरल्यावर हार्म आला, साखळी अजून गळ्यातच होती.

"माझा माल आहे! चोरटी!" तो ओरडला.

"मागे जायला सांगायला ती स्वतः आली होती," टोन्येसबाबा म्हणाले. "अख्ख्या गावासमोर तू सोडलास."

"बाईमाणसाच्या नावावर कसले थवे?"

"त्या कलमात बाई की पुरुष, काही लिहिलेलं नाही. कायद्याने शेत घेतलंस ना? हाही कायदाच आहे."

हार्मचं तोंड माझ्यासारखं उघडंच राहिलं. तो परत गेला तेव्हा साखळी खळखळ वाजत होती.

मग गेशे माझ्यापुढे आली. किल्ली तिच्याकडे नव्हती. तिने बोटाच्या पेराने माझ्या कपाळावर टकटक केली.

"लूडर गेले," ती म्हणाली. "माझे बाबा गेले. तुम्हाला कुणी सांगितलं नाही. आता इथली धनी मी आहे. राहायचं तर राहा."

आणि ती रडली. दफनाच्या दिवशीही ती रडली नव्हती. माझ्या आतला आवाज हळूहळू खाली आला. म्हाताऱ्यांचं खरं की नुसता दिवस कलला होता, मला माहीत नाही.

टोन्येसबाबांनी विचारलं, "हा चेहरा काढून टाकू का? टोपली तुझी, माश्या तुझ्या. हा बुवा कशाला मध्ये?"

गेशेने डोळे पुसले. "राहू दे. बाहेर बाप्या दिसला की लोक फार चौकशा करत नाहीत."

पुढे युद्ध आलं. माळावरचे पुरुष गेले, हार्मचे मुलगेही गेले. नांगर बायकांनी धरले, गाईंची बाळंतपणं बायकांनी केली, रेल्वेचे सांधेही बायकांनी बदलले, आणि घराघरांत भिंतीवर गणवेशातल्या पुरुषांचे फोटो टांगलेले होते. लोकांना त्याचं फार नवल वाटायचं. मला नाही वाटलं. माझ्या दाराशी तर पहिल्यापासून हेच चित्र होतं. मग जे वाचले ते पुरुष परतले आणि आपापल्या खुर्चीत बसले. शेतीचा कायदा बदलला, पण त्यातही पुन्हा मुलगा पहिला. तेवढं खोडायला न्यायालयाला पुष्कळ वर्षं लागली. आता सगळं समान झालंय म्हणतात. असेलही. मी हुंगल्याशिवाय आत सोडत नाही.

गेशे म्हातारी झाली तेव्हा तिने मला या संग्रहालयात आणून दिलं. इथल्या गृहस्थांना तिने नीट सांगितलं, "विणली मी, चेहरा तेवढा बाबांचा." गृहस्थ मान डोलावत होते. मग पाटी लागली, ती तुम्हाला सांगितली तीच.

पाटी वाचून गेशे एवढंच म्हणाली, "माझा नंबर अजून लागला नाही वाटतं." तरी दरवर्षी माळ फुलला की ती मला भेटायला यायची आणि माझ्या कडेचा तो उसवलेला टाका चाचपून बघायची.

मित्रांनो, माझी काळजी घ्या. काड ओलं झालं की कुजतं, उंदीर लागले की चेहराच तेवढा उरेल. पाटी दिसली की लगेच मान डोलावू नका. आत कोण राबत होतं, विणलं कुणी, एवढं विचारा. संशय घ्यायला लाजू नका.

आणि एक विनंती आहे. माळ कितीदा तरी फुलून गेला, गेशे आलेली नाही. मला संशय आहे. पण आमची रीत तुम्हाला आता माहीत आहे. तुमच्यापैकी कुणी इथे आलं, तर माझ्या कपाळावर बोटाने टकटक करा आणि मला काय ते सांगा. मला अजून कुणी सांगितलेलं नाही.